मालिकेतली माणसं सगळं बोलून का दाखवतात?

तिन्हीसांज

मराठी मालिकेत दाराची बेल वाजते आणि पात्र म्हणतं, "आत्ता या वेळी कोण आलं असेल?" दार उघडतं. "अगंबाई, वन्सं तुम्ही! आणि ही एवढी मोठी बॅग?" बॅग पडद्यावर ढळढळीत दिसत असते, वन्संही दिसत असतात, तरी दोन्ही बोलून दाखवायचं. लोक यावर हसतात. मला मात्र यामागचं कारण घराच्या वेळापत्रकात आहे असं वाटतं, आणि त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आलं. त्यानंतर आठवड्यातून एकदा भेटणारी मालिका बघता बघता रोजची झाली. रोजची म्हणजे साडेसात ते साडेदहाच्या मधली. हीच वेळ कणीक भिजवायची, कुकर लावायची, गरम पोळ्या वाढायची. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि बघणारी ओट्यापाशी, पडद्याकडे पाठ करून. तव्यावर पोळी असताना मान वळवायला दोन-तीन सेकंद मिळतात. अशा बाईसाठी लिहिलेली मालिका कानासाठीच लिहिली जाणार.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि आता घरातला प्रत्येक जण आपापल्या फोनवर, आपापल्या वेळेला बघतो. पडदा डोळ्यांपासून हातभर, कानात इअरफोन. मग "ही एवढी मोठी बॅग" कशासाठी? लेखन, संकलन, ध्वनी यातली माहिती असणाऱ्यांनी तपशिलात लिहा.

मध्यमलहरी

तुमचा तर्क बरोबर दिशेने आहे, पण ही पद्धत मालिकेने शोधलेली नाही. ती आकाशवाणीच्या श्रुतिकेतून, म्हणजे रेडिओवरच्या नाटिकेतून आली आहे.

श्रुतिका लिहिण्याचे काही ठाम नियम असतात. पात्र आलं की पहिल्या दोन वाक्यांत कुणीतरी त्याला नावाने किंवा नात्याने हाक मारली पाहिजे. एका प्रवेशात तीन-चारपेक्षा जास्त आवाज नकोत, आणि जे असतील त्यांच्या पट्ट्या वेगळ्या हव्यात. दोन तरुण मुलींचे आवाज सारखे असतील तर ऐकणारा तिसऱ्या वाक्याला हरवतो. वस्तू वापरण्याआधी तिचं नाव यायला हवं. "तो अडकित्ता दे इकडे" असं आधी आलं नाही तर नुसत्या "कट्" आवाजावरून काहीही कळत नाही. आणि जागा बदलली की आवाजाची खोली बदलायची: माजघर कोरडं, विहिरीचा काठ घुमणारा.

आता कुठलीही रोजची मालिका डोळे मिटून ऐका. "आई", "वहिनी", "अहो", "दादा" दर दुसऱ्या वाक्यात सापडेल. खलनायिकेची वेगळी धून, नायक-नायिकेची वेगळी. ती धून वाजली की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला न बघता कळतं, कोण आलं.

कात्री

@तिन्हीसांज, इथे माझं मत वेगळं आहे. ओट्याचं कारण खरं असलं तरी दुय्यम आहे. मुख्य कारण शूटिंगचा हिशेब.

अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती, प्रोमो, शीर्षक वजा जाता मालिकेचा भाग उरतो साधारण वीस-बावीस मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग धरले तर दोन ते सव्वादोन तास. म्हणजे दर आठवड्याला एका चित्रपटाएवढा मजकूर लिहायचा, चित्रित करायचा, कापायचा आणि वाहिनीला द्यायचा. त्यासाठी रोज एका शिफ्टमध्ये जवळपास एक भाग उतरलाच पाहिजे. दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी लावून, तयार सेटवर.

या वेगात सर्वांत स्वस्त काय पडतं? बोलणं. सोफ्यावर बसलेली दोन माणसं पाच पानं बोलली की पाच मिनिटं तयार, लायटिंग एकदाच. याउलट "ती धावत बसस्टॉपवर जाते, बस सुटते, ती चालत परत येते" हे पडद्यावर चाळीस सेकंदांचं असतं आणि त्याला अर्धा दिवस जातो: बाहेरची परवानगी, गर्दी, बदलता उजेड, बस. म्हणून ती घरी येऊन सांगते, "अहो, बस सुटली माझी." लेखक आळशी नाहीत. त्यांच्यापुढे घड्याळ आहे.

एकच चेहरा तीनदा येतो, त्याचंही कारण हेच. भाग दीड मिनिट कमी पडला की संकलक काय करणार? नवीन दृश्य त्याच्याकडे नसतं. मग सासूबाई, सासरे, दीर, जाऊ, प्रत्येकाची प्रतिक्रिया चार-चार सेकंद, खालून ढोल, हवं तर पुन्हा एक फेरी. आठ चेहरे, बत्तीस सेकंद. दोन फेऱ्या, एक मिनिट चार सेकंद.

मीटरवाचक

दोघांच्या मध्ये तिसरी गोष्ट आहे: मोजणी.

आपल्याकडे २०१५ पासून बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, त्याला वॉटरमार्क म्हणतात. निवडलेल्या घरातला मीटर ती खूण ओळखून कुठली वाहिनी लागली आहे ते नोंदवतो. त्या घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. खोलीत आलं की दाबायचं, गेलं की पुन्हा दाबायचं. हिशेब मिनिटामिनिटाचा असतो.

याचा लेखनावर थेट परिणाम होतो. मिनिटागणिक आलेख हातात आला की कुठल्या मिनिटाला लोक उठून गेले ते दिसतं. म्हणून जाहिरातीच्या आधीचं अर्धं मिनिट सर्वांत तापलेलं ठेवतात आणि जाहिरातीनंतर पहिल्या दहा-वीस सेकंदांत तोच प्रसंग पुन्हा दाखवतात. जाहिरात लागल्यावर माणूस दुसरीकडे जातो आणि परत येताना हमखास अर्धं मिनिट चुकवतो, हे आलेखातच दिसतं.

आणखी एक. टीव्हीचा टीआरपी टीव्हीचाच असतो, फोनवरचं बघणं त्यात धरलेलं नाही. त्यामुळे ॲपवर कितीही जण बघत असले तरी मालिका ज्या आकड्यावर जगते तो अजून बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आहे. "ॲपवरही मालिका तशीच का" याचं निम्मं उत्तर इथे आहे.

जाईजुई

म्हणजे ओट्यापाशी उभं राहून ऐकणारी बाई मोजलीच जात नाही? तिनेच तर ही सगळी शैली घडवली!

मीटरवाचक

@जाईजुई, टीव्ही चालू असलेल्या खोलीत हजर असणं, ही मोजणीची अट. एका खोलीच्या घरात किंवा मोकळ्या ओट्याच्या घरात ती खोलीतच असते, बटण दाबलेलं असेल तर धरली जाते. स्वयंपाकघर वेगळं असेल आणि तिने निघताना बटण दाबलं तर नाही. प्रत्यक्षात पीठ लागलेल्या हाताने दर पाच मिनिटांनी कोण बटण दाबणार? म्हणून मीटर बसवताना घरच्यांना ते पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं. मोजणीतला सर्वांत कच्चा दुवा हाच.

लोडशेडिंग

ग्रामीण भागातलं एक कारण राहिलं. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांनी रोज कित्येक तासांचं भारनियमन काढलं. वीज संध्याकाळी जायची नाहीतर पहाटे, आणि वेळापत्रक आठवड्याने बदलायचं. सहापैकी तीनच भाग बघायला मिळाले तरी कथा कळली पाहिजे, अशी गरजच होती. त्यातून दोन गोष्टी रुळल्या: सुरुवातीला "मागील भागात", आणि आत संवादात पुन्हा तेच. "परवा तुम्ही त्यांना दागिन्यांबद्दल विचारलंत, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत" हे वाक्य त्या पात्रासाठी नसतं, सोमवारी अंधारात बसलेल्या घरासाठी असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी पुनःप्रक्षेपण होतं, त्याचंही एक मूळ यातच असावं. आणि त्या पुनःप्रक्षेपणाचा प्रेक्षकही हातात काम घेऊनच बसतो: भाजी निवडणं, शिवण, वाती वळणं.

रंगपट

थोडं विषयाबाहेर जातो, पण फार बाहेर नाही. वेळापत्रकाने कलेचा आकार बदलतो याचं आपल्याकडचं सर्वांत स्वच्छ उदाहरण नाटकाचं आहे.

'संगीत सौभद्र' पाच अंकी. १८८२ साली त्याचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, बाकीचे नंतर. रात्री सुरू झालेला प्रयोग वन्समोअर घेत घेत पहाटेकडे सरकायचा आणि त्यात कुणाला गैर वाटायचं नाही, कारण परतीची घाई नव्हती. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी बोलपट सुरू झाले, आणि अडीच-तीन तासांत गोष्ट संपते याची लोकांना सवय लागली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आलं तेव्हा नाटकाने आटोपशीर व्हायला सुरुवात केली होती. पुढे तीन अंक, दोन मध्यंतरं. आज दोन अंक, एक मध्यंतर, एकूण सव्वादोन-अडीच तास.

दोन अंकी प्रयोगाचं गणित असं. पहिला अंक ६० ते ७० मिनिटं, मध्यंतर १५ म्हणायचं पण वडा-चहाच्या रांगेमुळे २० धरायचं, दुसरा अंक ५० ते ५५. दुसरा अंक पहिल्यापेक्षा मोठा झाला की लोक घड्याळ बघू लागतात. नाट्यगृह सत्राने मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. सेट लावणं आणि काढणं त्याच सत्रात बसवायचं. टेम्पो दोन तास आधी, सेट उभा करायला तास-सव्वातास, मग लाइट फोकस. पडदा पडल्यावर पाऊण तासात रंगमंच मोकळा. दुपारचा प्रयोग वीस मिनिटं उशिरा संपला की रात्रीच्या संस्थेचा टेम्पो मागच्या दारात अडकतो आणि सगळं बिनसतं.

माडाखाली

@रंगपट, तळकोकणातला दशावतार जोडा यात. जत्रेतला पारंपरिक दशावतार रात्रभराचा: पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, संकासुर, आणि मग आख्यान पहाटेपर्यंत. संवाद पाठ केलेले नसतात, जागेवर रचलेले असतात, त्यामुळे कथा लांबवणं आखडणं नटांच्या हातात. जत्रेत अजून रात्र जागवतात. पण वाढदिवस, सत्यनारायण, मंडळाचा कार्यक्रम अशा ठिकाणी आता लवकर सुरू करून मध्यरात्रीपर्यंत आटपणारा प्रयोग मागतात. मग पहिली कात्री आडदशावतारावर चालते. गणपतीचं स्तवन राहतं, बाकी भाग जातो. आणि जे कमी झालं त्याची भरपाई 'ट्रिकसीन'ने होते: धूर, प्रकाश, अचानक प्रकट होणारा राक्षस. बसायचा धीर कमी झाला की डोळ्यांना खुराक वाढवावा लागतो.

गोव्याच्या तियात्राचंही, म्हणजे तिथल्या कोकणी संगीतनाटकाचंही थोडं सांगण्यासारखं आहे. तियात्र जन्मला मुंबईत, १८९२ साली, पोटापाण्यासाठी तिथे गेलेल्या गोवेकरांमध्ये. दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी असतात, कथेशी संबंध नसलेली, चालू घडामोडींवरची. आज त्याच कांतारांचे तुकडे फोनवर सुटे फिरतात. चार मिनिटांचा स्वयंपूर्ण ऐवज तियात्राच्या पोटात आधीपासून होता, त्याला फोनसाठी काही कापावं लागलं नाही.

पार्लेपूर्व

@रंगपट, एक दुरुस्ती. अंक कमी होण्याला फक्त प्रेक्षकाची घाई कारण नाही. अंक पडायचा तो बरेचदा नेपथ्य बदलण्यासाठी. वाड्याचा चौक काढून राजदरबार लावायला वेळ लागायचा, तेवढ्यात लोक पाय मोकळे करायचे. एकाच दिवाणखान्यात सगळं घडणारी नाटकं आली, दृश्य बदलायला अंधार आणि प्रकाश पुरू लागला, तेव्हा मधल्या मध्यंतराचं कामच उरलं नाही.

प्रेक्षकाच्या सवयीचा खरा घाव बसला तो वारांवर. गिरगाव-दादरची मराठी वस्ती उठून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. कामावरून घरी पोचायलाच आठ वाजतात, तो माणूस बुधवारी साडेआठच्या प्रयोगाला दादरला परत कसा येणार? म्हणून प्रयोग शनिवार-रविवारी गोळा झाले, आणि नाट्यगृहंही प्रेक्षकामागे गेली: ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं, मग वाशी, कल्याण, बोरिवली. आता शनिवार-रविवारच्या तारखांसाठी झुंबड आणि मंगळवारी रंगमंचावर शाळेचं स्नेहसंमेलन.

रंगपट

@पार्लेपूर्व, मान्य. नेपथ्याचा मुद्दा मी सोडायला नको होता.

कानमंत्र

मूळ प्रश्नाकडे येतो, ध्वनीच्या बाजूने. फोन आल्यावर आवाजात काय बदलावं लागतं ते कुणी लिहिलं नाही.

फोनच्या स्पीकरमधून साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तो सूर फोनवर वाजतच नाही, वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. शब्द कळतो तो साधारण २ किलोहर्ट्झच्या वरच्या व्यंजनांनी: च, ट, स, श. म्हणून फोनसाठी मिश्रण करताना संवादाच्या ट्रॅकवर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं, ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी (डेसिबल) वर न्यायचं, आणि त्याच पट्ट्यात वाजणारी बासरी किंवा सतार संवादाखाली तेवढीच दाबायची. सगळं पार्श्वसंगीत दाबण्यापेक्षा हे बरं, कारण मग दृश्य पोकळ वाटत नाही.

दुसरं, चढउताराची मर्यादा. चित्रपटगृहात कुजबुज आणि स्फोट यात प्रचंड अंतर चालतं. रिक्षात बसून बघणाऱ्याला कुजबुज ऐकूच येत नाही, तो आवाज वाढवतो आणि पुढच्या क्षणी ढोल कानात फुटतो. म्हणून हे अंतर आवळावं लागतं. प्रसारणाची युरोपातली पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आहे, यूट्यूब मोठ्या आवाजाचा मजकूर उणे १४ च्या आसपास आणून ठेवतं. टीव्हीसाठी केलेलं मिश्रण तसंच्या तसं चढवलं तर ते शेजारच्या व्हिडिओपेक्षा हळू वाजतं. आणि नुसतं वर ओढलं तर शिखरं कापली जाऊन आवाज फाटतो. शिखर उणे १ डीबीच्या वर जाऊ द्यायचं नाही.

तिसरी चूक सर्वांत जास्त घडते. पार्श्वसंगीत रुंद वाटावं म्हणून डाव्या-उजव्या बाजूंत उलटी कला (फेज) टाकतात, म्हणजे एकीकडची ध्वनिलहर चढते तेव्हा दुसरीकडची उतरते. स्टुडिओत सुंदर लागतं. एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात, सगळी तानपुऱ्याची भरण नाहीशी. म्हणून शेवटी सगळं एका बाजूत मिसळून, स्वस्त फोनवर, पंखा चालू ठेवून ऐकायचं. पंखा विसरायचा नाही.

गंमत म्हणजे नव्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बारीक आणि खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. त्यामुळे संवाद न कळण्याची तक्रार मोठ्या पडद्यावरही वाढली, आणि मराठी कळणारी माणसंही खाली अक्षरं (सबटायटल्स) लावून बघू लागली.

कात्री

@कानमंत्र, उत्तम. उभ्या चौकटीबद्दल मी भर घालते.

आता दीड-दोन मिनिटांचे भाग, साठ-सत्तर भागांची एक गोष्ट, फोन उभा धरून बघायची, असा प्रकार चीनमधून सगळीकडे पसरला आहे. पहिले काही भाग फुकट, मग पैसे. यात आडव्या चौकटीची सगळी शिस्त उलटी होते.

चौकट १०८० बाय १९२०. दोन माणसं शेजारी शेजारी उभी केली की दोघांचे अर्धे खांदे कापले जातात. म्हणून त्यांना एकामागे एक उभं करतात: बोलणारा पुढे, ऐकणारा त्याच्या खांद्यामागे, दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे. "पाठ फिरवून बोलणं" हे नाटकी वाटणारं तंत्र इथे गरजेपोटी परत आलं. मालिकेतली जेवणाच्या टेबलाभोवतीची दहा माणसं उभ्या चौकटीत बसतच नाहीत. एकत्र कुटुंबाचं दृश्य जिन्यावर घ्यावं लागतं, एकेका पायरीवर एकेक जण.

सेटची अडचण वेगळीच. स्टुडिओतल्या भिंतींना छत नसतं, वर दिवे टांगलेले असतात. आडव्या चौकटीत ते कधी दिसत नाहीत. उभ्या चौकटीत कमरेपासूनचा शॉट घेतला तरी डोक्यावर भरपूर जागा उरते आणि भिंतीची वरची कड, दिवा, माइकची काठी सगळं आत येतं. म्हणून सेट न बांधता खऱ्या घरात चित्रण करणं सोपं पडतं. अक्षरं तळाशी ठेवायची नाहीत, तिथे ॲपची नावं-बटणं येतात. उजवी कडही मोकळी सोडायची. अक्षरं छातीच्या उंचीवर, जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत तीन-चार शब्द.

आणि इथे "मागील भागात" नाही. मागचा भाग दहा सेकंदांपूर्वीच संपलेला असतो.

दीपकळी

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती मला फार महत्त्वाची वाटते.

ज्यांना दिसत नाही किंवा मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं, अशा माणसांना आज मराठी मालिका कुणाच्याही मदतीशिवाय पूर्ण कळते. त्यांच्यासाठी वेगळं ध्वनिवर्णन आपल्या वाहिन्यांवर नसतं. "अगंबाई, वन्सं तुम्ही! आणि ही एवढी मोठी बॅग?" हेच त्यांचं ध्वनिवर्णन. ओट्यापाशी उभ्या बाईसाठी लिहिलेलं वाक्य खाटेवर बसलेल्या आजींनाही पोचतं. ते काढून टाकलं आणि सगळं नजरेने, बारीक हालचालीने सांगायला लागलो, तर ही माणसं त्या दिवशी मालिकेच्या बाहेर फेकली जातील. फोनवर बघणाऱ्या तरुणाला दहा पर्याय आहेत. यांना हाच एक.

म्हणून बदल करायचाच असेल तर वर्णनाचा स्वतंत्र ध्वनिमार्ग द्या. ॲपवर भाषा निवडायची सोय असते, त्याच जागी हा मार्ग बसतो. वर्णन संवादांच्या मधल्या शांततेत बसवायचं, एका वेळी पाच-सात शब्द: "मीरा पत्र दुमडून पदराखाली लपवते." त्यासाठी मुळात संवादात शांतता हवी. आज ढोल वाजत असतो तिथे.

मध्यमलहरी

@दीपकळी, हे वाचून माझं मत बदललं. श्रुतिकेची पद्धत ही अडचण नव्हे, ठेवाच आहे. प्रश्न एवढाच की ती चांगली लिहायची की वाईट. चांगल्या श्रुतिकेत माहिती भांडणातून येते, आश्चर्यातून येते. "ही बॅग कसली?" असं नुसतं विचारलं तर ती माहिती. "बॅग बाहेरच ठेवा वन्सं, आत जागा नाही" म्हटलं तर बॅगही कळली, नातंही कळलं.

तिन्हीसांज

किती दिलंत सगळ्यांनी! @कात्री यांचा हिशेब आणि @मीटरवाचक यांची माहिती वाचल्यावर ओटा हेच मुख्य कारण हा माझा आग्रह मी सोडते. ओट्याने कान दिला, घड्याळाने बोलणं स्वस्त केलं आणि मीटरने ते पक्कं केलं, असं आता दिसतंय.

एक प्रसंग घेऊन बघूया. सून डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन घरी येते, सासूपासून लपवते, सासूला संशय येतो.

रोजच्या मालिकेत: "आई, मी आले." "एवढा उशीर? आणि हातात काय लपवतेयस?" "कुठे काय, काही नाही." "तो कागद दे बघू इकडे." ढोल, चार चेहरे, जाहिरात.

फोनसाठी: सून येते, फ्रिज उघडून रिपोर्ट भाजीच्या कप्प्यात सारते. सासू पाणी प्यायला येते, कोथिंबीर काढायला कप्पा ओढते. एक शब्द नाही, पस्तीस सेकंद.

@दीपकळी यांच्या आजींना दुसऱ्यातलं काहीही कळणार नाही. दोघांना चालेल असं कसं लिहाल?

मध्यमलहरी

फ्रिजचं दार, कप्प्याचं घसरणं आणि कागदाची खुसखुस हे तीन आवाज ठळक घ्या. सासू आत येताना म्हणेल, "कोथिंबीर उरलीय का गं सकाळची?" सून फार पटकन म्हणेल, "मी देते आई, तुम्ही बसा. तो कप्पा अडकतो हल्ली." कप्पा ओढल्याचा आवाज. कागदाची खुसखुस. मग सासू फक्त, "हे काय?"

कात्री

चालेल. एकाच घरात, एकाच सेटअपमध्ये होईल, तासाभरात. फ्रिजचा आवाज मात्र चित्रणाच्या वेळी बंद ठेवा, कॉम्प्रेसरची घरघर संवादात बसते आणि नंतर निघत नाही. दाराचा आणि कप्प्याचा आवाज वेगळा मुद्रित करून घ्या.

कानमंत्र

आणि खुसखुशीसाठी रिपोर्टचा गुळगुळीत कागद घेऊ नका, फोनवर तो ऐकू येत नाही. औषधाच्या दुकानातली पातळ खाकी पिशवी घ्या. तिचा आवाज जास्त चुरचुरीत असतो.

दीपकळी

"तो कप्पा अडकतो हल्ली" एवढ्यावर आजींना सगळं कळेल. ढोल नको.